मोडलेली मांडी

मी तेव्हा सात वर्षांची होते. वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या वाडीत मार्गशीर्षातली जत्रा होती आणि रात्री देवळासमोरच्या मंडपात दशावतार. आमच्याकडे त्याला धयकालो म्हणतात. गणपती येऊन गेला, संकासुर नाचून गेला, तोवर मी आज्याच्या मांडीवर गाढ झोपलेली. जाग आली ती मृदंगाच्या आवाजाने. मंडपाच्या मधोमध एक लाकडी बाकडं होतं आणि त्याभोवती पाच-सहा पुरुष तलवारी घेऊन गोल फिरत होते. आजो माझ्या कानाशी म्हणाला, "ह्यो चक्रव्यूह." आणि मला तो दिसला. आजही महाभारतातलं ते पान वाचताना माझ्या डोळ्यांसमोर कुरुक्षेत्र येत नाही, ते बाकडं येतं.

बाकड्यावर अभिमन्यू उभा होता. मुकुट डोक्यापेक्षा मोठा, गालांवर लाली, आवाज नुकता फुटलेला. त्याच्या हातातली तलवार गेली. मग त्याने रथाचं चाक उचललं. चाक नव्हतंच, हवेत गोल धरलेले दोन हात होते. तेही खाली आले. तो पडला, पायपेटीचा सूर एकटाच लांबत राहिला आणि मंडपातल्या बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या.

"मेलो?" मी विचारलं.

"मेलो."

"खराच?"

"खराच. रड गो बाय, रड."

हे सगळं खोटं असतं, नाटक असतं, असं तो म्हणाला नाही. त्याने फक्त मला जरा घट्ट धरलं. मी खूप रडले. नंतर सुभद्रा आली, तिचा विलाप झाला, आणि रात्र सरत सरत पहाटे दहीकाला झाला. हंडी फुटली, हातावर दही-पोह्यांचा प्रसाद पडला. आजो मला घेऊन देवळाच्या मागच्या अंगाला चहाच्या टपरीवर गेला. तिथे अभिमन्यू बसला होता. मुकुट पेटाऱ्यावर काढून ठेवलेला, अर्धा चेहरा खोबरेल तेलाने पुसलेला, अर्ध्यावर अजून लाली. काचेच्या ग्लासातून तो चहा पीत होता. शेजारी जयद्रथ. दोघांत एकच खारी होती, ती त्यांनी मोडून घेतली. अभिमन्यूने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तू रडलंस मा? माका आयकाक इला."

मला हायसं वाटलं असं मी म्हणणार नाही. हायसं वाटणं म्हणजे मेला नाही असं कळणं. मला तसं कळलं नव्हतं. अभिमन्यू मेलाच होता, आणि हा माणूस चहा पीत होता, आणि माझं रडणं त्याला ऐकू गेलं होतं. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. सात वर्षांच्या मुलीला त्यात काहीही अडचण वाटली नाही.

पुढे मी हलत्या चित्रांच्या धंद्यात गेले. मुंबईत अकरा वर्षं स्टोरीबोर्ड काढले, म्हणजे फिल्म बनण्याआधी तिचा प्रत्येक शॉट चौकटीत रेखाटून दाखवायचा. एका कंपनीसाठी, नाव घेत नाही, मी महाभारतातल्या छोट्या गोष्टी काढत होते. सहा ते दहा वयाच्या मुलांनी फोनवर बघायच्या. अभिमन्यूची पाळी आली. मी तो पडतो तिथपर्यंत चौकटी काढल्या. बैठकीत सांगितलं गेलं की शेवट बदला, मुलांना झेपणार नाही. अभिमन्यू व्यूहातून बाहेर निघू दे, वर ढगांतून अर्जुन बाण मारू दे, मग घोड्यावरून दोघे घरी. मी काढलं ते. चार दिवसांत काढून दिलं, पैसेही मिळाले. अर्जुनाच्या मागे घोड्यावर बसलेल्या अभिमन्यूचा चेहरा मला जमेना. कुठलाच भाव त्याला बसेना, कारण ज्याच्या आयुष्यात चक्रव्यूहातून बाहेर येण्याची वाट आहे तो अभिमन्यू नव्हेच. शेवटी मी त्याला पाठमोरा दाखवला. ते रेखाटन केल्याची मला आजही लाज वाटते.

झेपत नाही ते मुलांना की मोठ्यांना, हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमध्ये नाहम टेट नावाच्या कवीने १६८१ साली शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चा शेवट फिरवला. त्याच्या नाटकात लिअरची मुलगी कॉर्डेलिया मरत नाही, तिचं लग्न होतं आणि लिअरला राज्य परत मिळतं. दीडशेहून अधिक वर्षं इंग्रज प्रेक्षकांनी रंगभूमीवर मुख्यतः हाच सुखान्त लिअर बघितला. मूळ शेवट एडमंड कीन या नटाने १८२३ मध्ये परत आणून पाहिला, आणि टेटने गाळलेल्या विदूषकासकट बरंचसं मूळ नाटक मॅक्रेडी या नटाने १८३८ मध्ये परत आणलं. सॅम्युअल जॉन्सनसारख्या पंडिताने लिहून ठेवलंय की कॉर्डेलियाच्या मरणाचा त्याला असा धक्का बसला होता की संपादक म्हणून ते प्रवेश तपासायची वेळ येईपर्यंत त्याने ते पुन्हा वाचले नाहीत. तो दाढीमिशीच्या वयाचा, विद्वान माणूस. ते प्रेक्षकही मोठेच होते. शोकांतिकेचा शेवट ज्यांनी ज्यांनी बदलला, त्यांनी तो स्वतःसाठी बदलला असावा असा माझा संशय आहे, आणि मुलांचं नाव पुढे करणं सोयीचं असतं.

आपल्या काही मोठ्या नाटककारांनी मात्र हे केलं नाही याचा मला अभिमान वाटतो. आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, देवलांनी १८९० मध्ये 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. नावं बदलली, पेहराव बदलले, डेस्डिमोना कमळजा झाली. पण कमळजा मरायची ती मेलीच. 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगमंचावर आलं, त्याआधी महिनाभरच गडकरी गेले होते. त्यातल्या सिंधूलाही कुणी शेवटच्या अंकात वाचवलं नाही. मराठीत या नाटकांसाठी शब्दही कसा नेमका आहे बघा: शोकांतिका. मरणान्तिका नाही. शेवट शोकाने होतो, मरणाने नाही. मरण झाल्यावर शोकाला जागा ठेवायची असते, ती या शब्दातच राखून ठेवलेली आहे.

आणि अ‍ॅनिमेशनमध्ये सगळ्यात आधी कापली जाते ती हीच जागा.

याचं कारण सरळ हिशेबाचं आहे. एका सेकंदाला चोवीस चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला बारा चित्रं. पंचवीस मिनिटांची फिल्म म्हणजे अठरा हजार चित्रं. प्रत्येक चित्राला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून जिथे काही घडत नाही ते आधी उडतं. नाटकात नट नुसता उभा राहिला की शांतता फुकट मिळते. चित्रात शांतताही कुणीतरी काढायची असते. शिवाय पडद्यावर काही हललं नाही की बघणारं बोट पुढच्या व्हिडिओकडे जाईल ही भीती. मग माणूस मरतो आणि दुसऱ्या सेकंदाला संगीत बदलतं.

हे काम नीट झालेलं मी एकदा बघितलं आहे. बीबीसी आणि वेल्सच्या एस-फोर-सी या वाहिन्यांनी मॉस्कोतल्या अ‍ॅनिमेटरांना बरोबर घेऊन शेक्सपिअरची बारा नाटकं मुलांसाठी केली होती, अर्धा अर्धा तासाची, सहा १९९२ मध्ये आणि सहा १९९४ मध्ये. संहिता लिओन गारफील्ड यांनी बेतल्या, जे मुळात मुलांचे कादंबरीकार. काही नाटकं बाहुल्यांत, काही नेहमीच्या चित्रपद्धतीत, आणि नतालिया ऑर्लोवा यांनी केलेला 'हॅम्लेट' काचेवर रंगवून. कॅमेऱ्याखाली काच, काचेवर रंग. एक चौकट टिपली की त्याच काचेवर तोच रंग पुसून, सारून पुढची चौकट. मागची उरत नाही. चूक झाली तर परत जाता येत नाही. आणि पुसलं तरी मागच्या चित्राचा थोडा डाग राहतोच. ज्या गोष्टीत मेलेला बाप मुलाला सोडत नाही, तिला याहून योग्य पद्धत मला सुचत नाही. त्या मालिकेत हॅम्लेट मरतो, ऑफेलिया मरते, मॅकबेथ मरतो. शब्द खूप कापलेत, चार तासांचं नाटक अर्ध्या तासात बसवायचं तर कापावेच लागतात, दुवे एक निवेदक जोडतो. पण शेवटांना हात लावलेला नाही.

तरीही ती मालिका भाचीला दाखवली तेव्हा मला एक गोष्ट खटकली, आणि ती काय हे कळायला मला बरेच दिवस लागले. 'हॅम्लेट' संपला. भाची नऊ वर्षांची. ती रडली नाही, काही बोलली नाही, तिने टॅबलेट पालथा घातला आणि उठून गेली. रात्री जेवताना विचारलं, "आता तो कुठे असतो?"

कोण, विचारल्यावर म्हणाली, "तो हॅम्लेट."

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या अभिमन्यूच्या बाबतीत ते उत्तर टपरीवर बसलं होतं. रंगभूमीवर जो मरतो तो उठतो. दशावतारात तर लपवाछपवीही नसते, पडलेला माणूस मृदंग वाजत असताना उठून रंगपटात चालता होतो आणि कुणाला खटकत नाही. शहरातल्या नाट्यगृहात पडदा पडल्यावर सिंधू आणि सुधाकर हात जोडून पुढे येतात. आपण त्याला शिष्टाचार समजतो. पण शोकांतिका मुलांपुढे करता येते ती त्यामुळेच, असं मला आता वाटतं. मरण पूर्ण दाखवायचं आणि मग मेलेल्याने समोर येऊन नमस्कार करायचा. चित्रातला हॅम्लेट उठत नाही. त्याला उठायला अंगच नाही. तो मेला की फाईल संपते. आणि बघणारं मूल बहुतेक वेळा एकटं असतं, कानात इअरफोन घालून. मांडी नाही, चहाही नाही.

म्हणजे अ‍ॅनिमेशनमध्ये शोकांतिका आणायची तर नुसती कथा आणून भागत नाही. रंगमंचाच्या आजूबाजूचं जे आपण गृहीत धरतो, तेही चित्रात उचलून आणावं लागतं. ते कसं आणायचं हे मला मुंबईत कुणी शिकवलं नसतं. ते कुडाळजवळ पिंगुळीला कळलं.

पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी आता बऱ्याच लोकांना माहीत आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या घरच्यांनी गोठ्याचं संग्रहालय केलंय, तिथे चित्रं आणि बाहुल्या बघायला मिळतात. लहानपणी माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर हे होतं आणि मी ते पहिल्यांदा बघितलं तिशी उलटल्यावर. एका गोष्टीची चित्रं म्हणजे एक पोथी. कागदावर रंगवलेल्या सुट्या चौकटी, पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या. कथेकरी चित्र समोर उभं धरतो, गातो, सांगतो, वीणा, टाळ आणि हुडुक वाजत राहतात. प्रसंग संपला की चित्र काढतो, पुढचं लावतो. मी बघत होते आणि मला माझेच स्टोरीबोर्ड आठवत होते. चौकट, चौकट, चौकट. फरक एकच: इथे चौकटीमागे माणूस बसलेला दिसतो. रावण मेला की त्याचं चित्र खाली ठेवणारा हात दिसतो. चित्र जातं, हात राहतो, आवाज राहतो. युद्ध कितीही घनघोर होवो, ते कुणाच्या तरी हातातून मुलांसमोर येतं.

गेल्या मे महिन्यात वाडीतल्या चौदा मुलांबरोबर मी नऊ दिवस एक फिल्म केली. तिसरी ते आठवीतली मुलं. आमच्या जुन्या घराचं माजघर, दोन स्टुलांवर ठेवलेली खिडकीची काच, काचेवर बटर पेपर, खाली पिवळा बल्ब, वर आडव्या वाशाला उलटा बांधलेला माझा फोन. नाटक कुठलं घ्यायचं यावर मी बराच विचार केला होता. 'एकच प्याला' डोक्यात होतं, पण ते मी घेतलं नाही. चौदांतल्या दोघांच्या घरी तळीराम रोज संध्याकाळी येतो हे मला माहीत होतं. शोकांतिका थोडी लांबून बघता आली पाहिजे. जी घरात चालू आहे ती त्या मुलांना माझ्या माजघरात बसून पुन्हा बाहुल्यांत कापायला लावण्याचा मला अधिकार नव्हता. 'ऑथेल्लो'ही नको वाटलं. मरणामुळे नव्हे. संशय हा त्यातला खरा प्राण, आणि तो दहाव्या वर्षी कळू नये.

मी 'ऊरुभंग' घेतलं, म्हणजे मांडी मोडणं. त्रिवेंद्रमहून टी. गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून संस्कृत नाटककार भासाची म्हणून जी तेरा नाटकं छापली, त्यातलं हे एकांकी. संस्कृत रंगभूमीवर मृत्यू प्रत्यक्ष दाखवू नये असा संकेत. इथे नायक सगळ्यांदेखत मरतो. आणि नायक दुर्योधन. गदायुद्ध संपलंय, भीमाने कमरेखाली वार करून त्याच्या मांड्या मोडल्यात. बलराम संतापून भीमाला मारायला निघतो, तर हा जखमी माणूसच त्याला शांत करतो. मग आंधळा बाप येतो, डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई येते, बायका येतात, आणि त्यांच्याबरोबर लहानगा मुलगा, दुर्जय. थकलेला मुलगा सवयीने बापाच्या मांडीवर बसायला जातो. बाप त्याला बसू देत नाही.

मराठीत ही गोष्ट सांगताना जे होतं ते संस्कृतात होत असेल का, मला शंका आहे. आपल्याकडे गदा बसते तीही मांडीवर आणि मूल बसतं तेही मांडीवर. द्यूतसभेत द्रौपदीला दाखवली तीही मांडीच. त्याच मांडीवरून भीमाची प्रतिज्ञा. एकच शब्द तिन्ही ठिकाणी येतो. मी मुलांना गोष्ट सांगताना हे समजावून दिलं नाही. मी नुसता शब्द तीनदा वापरला, आणि तिसऱ्यांदा तो आला तेव्हा सातवीतल्या एका मुलीने तोंडावर हात ठेवला.

बाहुल्या आम्ही जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या कापल्या. सावलीच्या बाहुल्यांना ती फिल्म फार चांगली. कात्रीने सहज कापली जाते, वाकते पण मोडत नाही, खालून प्रकाश दिला की काळपट निळी दिसते. प्रत्येकाने घरून आणायची. चौथीतल्या एका मुलाने आणलेल्या फिल्मवर मांडीचं हाड होतं, मोडलेलं, मध्ये खिळा घातलेला. आजोबा सुपारीवरून पडले होते. त्याने काही न बोलता तीच फिल्म दुर्योधनाच्या पायांसाठी पुढे केली. मी विचारलं, घरी विचारलंस का? तो म्हणाला, आज्यानेच दिली. काचेवर ठेवून बल्ब लावला तेव्हा दुर्योधनाच्या मांडीत ते हाड उजळलं. माजघरात कुणी बोलेना.

सगळ्यात मोठा वाद झाला तो दुर्जयच्या त्या प्रवेशावर. धाकट्या मुलांचं म्हणणं, बसू दे त्याला. "बसांदे मा येकदा," एक जण तर गयावया करत होता, जणू मी परवानगी दिली की झालं. एकाने मी पाठ फिरवल्यावर दुर्जयची बाहुली उचलून खरंच मांडीवर ठेवली आणि दोन फोटोही काढले. मला मुंबईतली बैठक आठवली. पण इथे मी काही बोलायच्या आधी तो चौथीतला मुलगा बोलला.

"दुखतला तेका. माजो आजो पण आता माका मांडयेर बसाक देना नाय."

त्या वाक्यानंतर वाद उरला नाही. शेवट बदलायचा की नाही हा प्रश्न आम्ही मोठी माणसं तत्त्वाचा करतो. त्याच्यासाठी तो माहितीचा होता. बाप मुलाला बसू देत नाही याचं कारण प्रेम कमी झालं हे नाही, हाड मोडलंय हे आहे. त्याला ते घरीच कळलं होतं. बाकीच्यांना त्याच्याकडून कळलं. मग मुलांनी स्वतःच ठरवलं की दुर्जय बापाच्या शेजारी जमिनीवर बसेल, मांडीला न टेकता. बापाचा हात त्याच्या डोक्यावर जाईल. हा हात मुलांनी घातलेला. तो जायला एकतीस फोटो लागले आणि त्या एकतीस फोटोंत कुणी हसलं नाही, खोकलं नाही.

दुर्योधनाला शेवटी आपले मेलेले भाऊ दिसतात, पूर्वज दिसतात, आणि त्याला न्यायला हजार हंस जोडलेलं विमान येतं. हंस आमच्यातल्या कुणी बघितलेला नव्हता. बगळे रोज दिसतात, मळ्यात, गुरांच्या पाठीवर. तेव्हा बगळे आले. हजार कापणं शक्य नव्हतं, सव्वीस झाले. बटर पेपरचे, त्यामुळे खालून प्रकाश आला की अर्धवटच दिसत, पहाटेच्या धुक्यात खाडीवर दिसतात तसे.

मग तो मेला. मी सांगितलं, आता बाहुली हलणार नाही, एकच फोटो काढा, मी तो कॉम्प्युटरवर तीन सेकंद ताणते. धंद्यातली साधी पद्धत आहे ती. त्या सातवीतल्या मुलीने फोनवरचा हात काढला नाही. "जितो असताना तेचे इतके फोटो काढले, आनि मेल्यार येकच?"

मग आम्ही छत्तीस फोटो काढले. न हलणाऱ्या बाहुलीचे, एकेक करून, मोजत. मे महिन्यातलं आमच्याकडचं व्होल्टेज वरखाली होतं, पिवळा बल्ब कधी उजळ, कधी मंद. फोटोंत ते उतरलं. फिल्म चालवून बघितली तेव्हा दुर्योधन निश्चल पडलेला होता आणि त्याच्याभोवतीचा उजेड श्वासासारखा कमीजास्त होत होता. ताणलेल्या एका फोटोत हे कधीच मिळालं नसतं. अकरा वर्षांच्या नोकरीत मी मरणानंतरची शांतता कधी काढली नव्हती. ती एका मुलीच्या हट्टाने मिळाली.

शेवटच्या दिवशी मी त्यांना टपरीवरच्या अभिमन्यूची गोष्ट सांगितली, आणि विचारलं की आपला दुर्योधन चहा कसा पिणार. खूप सूचना आल्या. एकाने बाहुलीला उठवून नमस्कार करायला लावला, पण तो बघताना जिवंत झाल्यासारखा वाटला आणि सगळ्यांनाच नको झाला. मेला तो मेलाच राहायला हवा होता. मी पिंगुळीचं बोलले नव्हते. पण बाहुल्या रोज संध्याकाळी बुटांच्या एका खोक्यात ठेवायचं काम एका तिसरीतल्या मुलाकडे होतं, आणि तो म्हणाला, मी ठेवतो तसाच ठेवू ना? म्हणून फिल्मच्या शेवटी, छत्तीस फोटोंनंतर, चौकटीत एक खराखुरा लहान हात येतो. नखांत माती. तो दुर्योधनाला दोन्ही बाजूंनी धरून उचलतो, मांडी वाकणार नाही अशा बेताने, आणि खोक्यात ठेवतो, जिथे भीम आधीच झोपलेला आहे. गदा दोघांच्या मध्ये.

दोन मिनिटं चाळीस सेकंदांची फिल्म झाली. म्हणजे एक हजार नऊशे वीस फोटो. आवाज आम्ही रेकॉर्ड केला नाही. दाखवताना ती सातवीतली मुलगी चादरीशेजारी उभी राहून मालवणीत गोष्ट सांगणार, आणि एक जण मृदंग वाजवणार, असं ठरलं. ही फिल्म फोनवर पाठवा म्हणून नंतर बऱ्याच जणांनी मागितली. मी अजून दिलेली नाही. सांगणाऱ्या माणसाशिवाय ती अर्धीच आहे असं मला वाटतं, आणि त्यावर उपाय सापडेपर्यंत ज्यांना बघायची त्यांनी आमच्या अंगणात यावं.

त्या रात्री अंगणात चाळीसएक माणसं होती. पावसाआधीचा उकाडा, चादर दोन माडांना बांधलेली. एक्स-रेवाले आजोबा काठी टेकत आले आणि खुर्चीवर बसले. दुर्योधनाच्या मांडीतलं हाड उजळलं तेव्हा ते जरा पुढे वाकले, मग मागे रेलले. नातू त्यांच्या पायांशी जमिनीवर बसला होता.

फिल्म संपली, टाळ्या झाल्या, बायका उठून लाडू वाटायला लागल्या. कुणाचा तरी चारेक वर्षांचा मुलगा चादरीमागे जाऊन बघून आला, तिथे माड होते आणि अंधार होता. तो त्या सातवीतल्या मुलीपुढे येऊन उभा राहिला.

"तो खयं गेलो?"

तिने आत जाऊन खोकं आणलं आणि पायरीवर ठेवून उघडलं. त्याने वाकून बघितलं. बोटाने दुर्योधनाची मांडी चाचपली, मग भीमाची. बगळे मोजायचा प्रयत्न केला. मग झाकण त्याने स्वतःच लावलं, नीट दाबून, आणि लाडू घ्यायला आजीकडे गेला.